भूल देणारे हात



"आमच्याकडे भुलीचे डॉक्टर नाहीत, पेशंटला जिल्ह्याला न्या." हे वाक्य आपल्यापैकी कितीतरी जणींनी ऐकलं असेल. स्वतःच्या वेळी, नाहीतर सुनेच्या, नणंदेच्या वेळी. मूल आडवं आलेलं असतं. ग्रामीण रुग्णालयाची इमारत असते, टेबल असतं, डोक्यावर दिवा असतो. कधी कधी ऑपरेशन करणारे डॉक्टरही हजर असतात. पण भूल द्यायला माणूस नसतो, म्हणून गाडी पुढं निघते आणि बाई रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला कळ सोसत जाते. आजचं बोलणं त्या नसलेल्या माणसाबद्दल आहे. भूल देणारा माणूस तयार कसा होतो, आपल्या भागात तो पहिल्यांदा कसा घडवला गेला, आणि त्यात एक बाई कशी होती, ते सांगते.

भूल हा शब्द आपल्याकडं फार जुना. रानात भूल पडते, माणूस वाट विसरतो. हिशेबाच्या वहीत भूलचूक देणेघेणे लिहितात. ऑपरेशनच्या भुलीचा अर्थ मात्र नवा आहे, पावणेदोनशे वर्षांचा. त्याआधी हातपाय कापायचा झाला तर चार माणसं रोग्याला धरून ठेवत आणि डॉक्टर जितकं जमेल तितकं घाईनं उरकत. १६ ऑक्टोबर १८४६ ला अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात मॉर्टन नावाच्या दाताच्या डॉक्टरनं एका रोग्याला ईथर हुंगवलं, आणि मानेवरची गाठ काढताना तो ओरडला नाही. ही बातमी बोटीबोटीनं जगभर गेली. पुढच्याच वर्षी, १८४७ च्या मार्चमध्ये, कलकत्त्याला ईथर देऊन ऑपरेशन झालं.

त्याच १८४७ सालच्या नोव्हेंबरात स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरातल्या सिम्प्सन नावाच्या डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. हे बाळंतपणाचे डॉक्टर. कळा देणाऱ्या बाईला क्लोरोफॉर्म हुंगवला की वेदना कमी होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. लगेच ओरड झाली. बाईनं वेदनेतच बाळंत व्हायचं ही देवाची इच्छा आहे, ती मोडू नका, असं बरेच जण म्हणू लागले. म्हणणारे सगळे पुरुष, हे वेगळं सांगायला नको. १८५३ मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनं आपल्या आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला, तेव्हा कुठं ही तोंडं हळूहळू बंद झाली.

पण क्लोरोफॉर्म साधं औषध नव्हतं. तो येऊन तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी होती. पायाचं नख काढायचं होतं, एवढंच. तिला क्लोरोफॉर्म हुंगवला आणि ती काही मिनिटांत गेली. पुढं अशा बातम्या येतच राहिल्या. दुखणं किरकोळ, माणूस धडधाकट, आणि भुलीतून उठलाच नाही. हे का होतं यावर डॉक्टरांत दोन तट पडले. एक तट म्हणे, औषध हृदय बंद पाडतं, तेव्हा नाडीवर बोट ठेवा. दुसरा म्हणे, आधी श्वास थांबतो, तेव्हा श्वासाकडं बघा. चाळीस वर्षं हा वाद चालला, आणि तो मिटवायचा प्रयत्न कुठं झाला असेल? हैदराबादला.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. बीड, परभणी, नांदेडची माणसं ज्या राज्याची रयत होती, त्याच राज्याच्या राजधानीत एडवर्ड लॉरी नावाचा इंग्रज सर्जन होता. हैदराबादचं मेडिकल स्कूल त्याच्या हाताखाली होतं. तो एडिंबरोच्या शिकवणीतला, म्हणजे श्वासाकडं बघा म्हणणाऱ्या तटातला. त्याच्यापुढं रोजचे रोगी रांगेनं येत, आणि भूल द्यायला वेगळा तज्ज्ञ असा कोणी नव्हताच. तेव्हा भुलीचे तज्ज्ञ लंडनमध्येही मोजकेच होते. मग त्यानं काय केलं? आपल्या विद्यार्थ्यांनाच शिकवलं.

साधन म्हणाल तर कापडाचा एक शंकू, आत थोडा कापूस आणि औषधाची बाटली. मशीन नाही, नळकांडं नाही. शिकवण मात्र कडक होती. रोग्याच्या श्वासावरची नजर हलवायची नाही. छाती-पोट वर-खाली होतंय का ते बघायचं. श्वास अडखळला की शंकू तिथल्या तिथं बाजूला करायचा. जीभ मागं पडून वाट बंद झाली असेल तर हनुवटी वर उचलायची. ऑपरेशन कसं चाललंय हे बघायला मान वळवायची नाही, ते काम दुसऱ्याचं. मला ही शेवटची अट सगळ्यांत मोलाची वाटते. सगळ्यांचं लक्ष पोटाकडं असताना एकानं फक्त श्वासाकडं बघत बसायचं. भुलीची सगळी विद्या तिथून सुरू होते.

लॉरीच्या मेडिकल स्कूलमध्ये १८८५ साली मुलींना प्रवेश मिळाला. पहिल्या पाच जणींत रूपाबाई फर्दूनजी ही पारशी मुलगी होती. आपल्याला आनंदीबाई जोशी ठाऊक आहेत. त्या १८८६ ला अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्यांच्यावर पुस्तकं आहेत, सिनेमा आहे. त्याच काळात आपल्या शेजारी हैदराबादेत रूपाबाई शिकत होत्या, आणि त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? त्या १८८९ ला शिकून बाहेर पडल्या आणि पुढं अनेक वर्षं हैदराबादच्या रुग्णालयांतून भूल द्यायचं काम केलं. जगातली पहिली भूलतज्ज्ञ स्त्री म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं. बायका परक्या पुरुषासमोर येत नसत असा तो काळ. अशा वेळी उशाशी बसून श्वास सांभाळणारी एक बाई असणं म्हणजे काय, हे तुम्हीच ओळखा.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. १९०९ साली त्या एडिंबरोला गेल्या. तिथं भुलीचा म्हणून वेगळा अभ्यासक्रम नव्हता, म्हणून पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकल्या. वीस वर्षं काम करून झाल्यावर पुन्हा विद्यार्थी होणं, तेही सातासमुद्रापलीकडं. आपण चाळिशीत शिलाईचा कोर्स करायला निघालो तरी घरात चार जण हसतात.

आता त्या वादाकडं येते. हजारो रोग्यांना आपल्या पद्धतीनं क्लोरोफॉर्म दिला आणि एकही दगावला नाही, असं लॉरी छातीठोकपणे सांगे. लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकानं शंका घेतली. तेव्हा निजामानं एक हजार पौंड देऊ केले: तुमचा माणूस पाठवा, समोर बघू द्या. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन नावाचे नामांकित डॉक्टर हैदराबादला आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, कुत्री, माकडं, शेळ्यासुद्धा. मुक्या जीवांचं हे ऐकताना पोटात कालवतं, पण झालं ते झालं. निष्कर्ष निघाला की श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. लॉरी जिंकला.

आणि तरी तो पुरता बरोबर नव्हता. १९११ मध्ये इंग्लंडात लेव्ही नावाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की भूल हलकी असताना, रोगी घाबरलेला असताना, क्लोरोफॉर्ममुळं हृदयाचे ठोके एकदम बिघडून ते बंद पडू शकतं, आणि तेही श्वास चालू असताना. हॅना ग्रीनरसारखी धडधाकट माणसं अचानक का जात होती, याचं उत्तर तिथं सापडलं. पुढं क्लोरोफॉर्म मागं पडला. लॉरीची शिकवण चांगली होती, पण "मी इतक्या जणांना दिला, काही झालं नाही" हा त्याचा पुरावा कच्चा होता. हे वाक्य आपण आजही ऐकतो. गावातला इंजेक्शन टोचणारा म्हणतो, सुईण म्हणते, कधी मोठा डॉक्टरही म्हणतो.

पुढची औषधं भराभर सांगते. सिझरला आज बहुतेक वेळा पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देतात. ते १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बीर नावाच्या सर्जननं पहिल्यांदा दिलं. त्यानं ते स्वतःवर आणि आपल्या मदतनिसावर करून पाहिलं. पाय बधिर झालेत का हे तपासायला त्या बिचाऱ्याच्या नडगीवर हातोडीसुद्धा मारली! दोघांचंही डोकं नंतर भयंकर दुखलं, बीर तर कितीतरी दिवस आडवा होता. आज सुई फार बारीक असते, त्यामुळं तशी डोकेदुखी क्वचितच होते. झाली, उठून बसल्यावर डोकं ठणकायला लागलं, तर लपवू नका, त्याला उपाय आहे. आणि सिझरच्या सुईनं जन्माची कंबर गेली असं आपल्याकडं घरोघरी म्हणतात. सुईची जागा काही दिवस दुखते, हे खरं. पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्या सुईची नसते. गरोदरपण, वाकून केलेली कामं, डोक्यावरचे हंडे, हे सगळं आपण सोयीनं विसरतो.

दुसरं औषध केटामाइन. १९६२ मध्ये अमेरिकेत तयार झालं. त्याचा गुण असा की दुखणं कळत नाही, पण श्वास बहुधा चालू राहतो आणि रक्तदाब एकदम पडत नाही. जिथं वीज जाते, ऑक्सिजनचा सिलिंडर वेळेवर येत नाही, अशा जगभरच्या छोट्या दवाखान्यांत या औषधानं फार जीव वाचवले.

तिसरी गोष्ट औषध नाही, एक चिमटा आहे. कोरोनात आशाताई दारोदार फिरून बोटाला लावायच्या ना, तो ऑक्सिमीटर. ताकुओ आओयागी या जपानी माणसानं १९७४ च्या सुमारास त्याची युक्ती शोधली. २०२० च्या एप्रिलमध्ये ते वारले, नेमका हा चिमटा घराघरांत पोचायला लागला होता तेव्हा. त्याआधी भूल देणारे ओठ आणि नखं निळी पडतात का ते बघत. पण कातडी सावळी असेल, दिवा मंद असेल तर निळेपणा दिसत नाही. त्याहून मोठी अडचण ही की अंगात रक्त फार कमी असेल तर ऑक्सिजन घसरला तरी ओठ निळे पडतच नाहीत, किंवा फार उशिरा पडतात. आपल्यात हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायका किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे ज्या बाईला धोका जास्त, तिचाच धोका डोळ्यांना दिसत नाही. चिमट्याला मात्र तो कळतो.

आणि तरी हा चिमटा नसलेली ऑपरेशन थिएटरं गरीब देशांत हजारोंनी होती. २०११ साली लाइफबॉक्स नावाची संस्था निघाली. स्वस्त, दणकट ऑक्सिमीटर अशा ठिकाणी पोचवायचे आणि तो वापरायचं शिक्षणही द्यायचं, हे तिचं काम. ती उभी करण्यात अतुल गवांदे हे अमेरिकेतले सर्जन पुढं होते. त्यांचे वडील आपल्या विदर्भातल्या उटी गावचे शेतकऱ्याचे पोर. नुसतं यंत्र देऊन भागत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. ठणाणा वाजणाऱ्या यंत्रापुढं काय करायचं हे माहीत नसेल, तर माणूस आधी आवाज बंद करतो.

आता आपल्या सरकारी दवाखान्याकडं येऊ. भूलतज्ज्ञ व्हायला एमबीबीएसनंतर आणखी दोन-तीन वर्षं लागतात. इतकं शिकल्यावर बहुतेक जण शहरात राहतात. त्यांनाही पोरांची शाळा आहे, घर आहे, मी त्यांना सरसकट नावं ठेवणार नाही. पण तालुक्याच्या खुर्च्या रिकाम्या राहतात. २००१-०३ मध्ये देशात एक लाख जिवंत जन्मांमागं ३०१ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात १४९. रक्तस्राव, झटके, अडलेलं बाळंतपण, अशी कारणं. यातल्या कितीतरी जणींना वेळेवर सिझर हवं होतं, आणि सिझरला भूल हवी होती.

म्हणून त्या वर्षांत केंद्र सरकारनं एक मार्ग काढला. साध्या एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांचं खास प्रशिक्षण द्यायचं, जीव वाचवण्यापुरत्या भुलीचं. आधी वैद्यकीय महाविद्यालयात आणि मग जिल्हा रुग्णालयात, तज्ज्ञांच्या नजरेखाली. पाठीतलं इंजेक्शन, केटामाइन, श्वासनलिकेत नळी घालणं, बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू करणं. आणि तितकंच महत्त्वाचं, कोणत्या बाईला आपण हात लावायचा नाही, पुढं पाठवायचं, हे ओळखणं. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि हे प्रशिक्षण अनेक राज्यांत पसरलं. तसंच सिझर करायचं वेगळं प्रशिक्षणही एमबीबीएस डॉक्टरांना मिळू लागलं.

भूलतज्ज्ञांतल्या बऱ्याच जणांना हे पटलं नाही. त्यांची भीती खोटी नव्हती. गरोदर बाईची भूल हीच मुळात अवघड. तिचं पोट लवकर रिकामं होत नाही. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. तिला सपाट उताणी ठेवली तर गर्भाचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर पडून रक्तदाब घसरतो, म्हणून उजव्या कुशीखाली उशी देऊन डावीकडं कलती ठेवावी लागते. नळी घालणंही अवघड जातं. हे अठरा आठवड्यांत कसं जमणार, असं ते विचारत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की तालुक्याला अठरा आठवडेवाला आणि तीन वर्षंवाला यांतून निवड करायची नाहीच आहे. निवड आहे ती अठरा आठवडेवाला किंवा कोणीच नाही, यातली.

मला दुसरी बाजू पटते, पण एका अटीवर, आणि ती अट बऱ्याच ठिकाणी पाळली गेली नाही. डॉक्टर शिकून आले. कुणाची बदली अशा ठिकाणी झाली जिथं ऑपरेशन करणाराच नाही. कुठं रक्त साठवायची सोय नाही. कुठं भुलीचं यंत्र बंद. काही जणांना महिनोन्महिने एकही भूल द्यायला मिळाली नाही, आणि हात बसलेला नसला की मन घाबरतं. काही झालं तर नातेवाईक दवाखाना फोडतील, कोर्टात जावं लागेल, ही धास्ती वेगळीच. मग पुन्हा तेच, जिल्ह्याला न्या. भाकरी करायला शिकलेली पोरसुद्धा सहा महिने पिठाला हात लावला नाही तर पहिली भाकरी फाडते. इथं तर बाईचा जीव आहे. जिथं शिकलेला डॉक्टर, ऑपरेशन करणारा, रक्त आणि यंत्र एका छताखाली राहिले, फोनवर विचारायला तज्ज्ञ मिळाले, तिथं हे काम चाललं.

मातामृत्यू पुढं खाली आले, हे खरं आहे. २०१८-२० मध्ये देशाचा आकडा ९७ वर आणि महाराष्ट्राचा ३३ वर आला. यात दवाखान्यातली बाळंतपणं, १०८ ची गाडी, आशाताई, रक्ताच्या गोळ्या, सगळ्यांचा वाटा आहे. एकट्या भुलीचं श्रेय नाही. आणि जगाचं म्हणाल तर ज्या लॅन्सेटनं हैदराबादला माणूस पाठवला होता, त्याच लॅन्सेटच्या आयोगानं २०१५ साली सांगितलं की जगातल्या पाचशे कोटी लोकांना वेळेला सुरक्षित आणि परवडणारं ऑपरेशन मिळत नाही. भूलही त्यातच आली.

आता आपल्या कामाचं. तुमच्या रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत कोण कोण आहे ते विचारून घ्या. सिझरची सोय असलेल्या सरकारी दवाखान्याला प्रथम संदर्भ सेवा केंद्र म्हणतात. तुमच्या तालुक्यात तो कुठला? तिथं भूल देणारं कोण आहे, ते आठवड्यातले किती दिवस असतात, रात्री कोण? भुलीचं प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर तिथं नेमलेत का, की दुसरीकडं सर्दी-तापाचे कागद भरतायत? रक्त साठवलेलं आहे का? गटाच्या बैठकीत ठरवून दोघी-तिघींनी जाऊन विचारलं की उत्तर द्यावंच लागतं. आणि २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि गाडी फुकट आहे. भुलीच्या डॉक्टरांचे वेगळे पैसे कोणी मागितले तर आधी हे सांगा.

आणि घरात कुणाचं सिझर ठरलं असेल, तर भूल देणारे डॉक्टर किंवा सिस्टर विचारतील ते खरं सांगा. शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता, हे आधी. कळा सुरू झाल्यावर ताकद यावी म्हणून सासूबाई चहा-बिस्किट, शिरा भरवतात ना, तेसुद्धा सांगा, लाजू नका. मिश्री लावत असाल, तंबाखू खात असाल तर सांगा. दम्याचा त्रास, बीपी, कोणत्या औषधानं अंगावर पित्त उठतं ते, आधी कधी भूल दिली होती का आणि तेव्हा काही झालं होतं का, हे सगळं. हलणारा दात असेल तर दाखवा. नथ, बांगड्या घरी काढून ठेवा, आणि नखांना नेलपॉलिश असेल तर एका हाताचं तरी खरवडून जा, तो चिमटा तिथंच लावायचा असतो.